ज्याला हवं त्याने उठावं

त्या लढाईत समुद्रात बुडाल्या त्याच्या दसपट बोटी नुसत्या बातम्यांत बुडाल्या. समोरच्या बाजूने आपली एक गस्तीची बोट तर इतक्या वेळा बुडवली की तिच्यावरचा एक खलाशी घरी फोन करून म्हणायचा, ‘आज परत बुडालो, काळजी करू नका.’ आपली बाजूही काही मागे नव्हती. आपणही त्यांच्या बोटी धडाधड बुडवत होतो, आणि त्यातल्या निम्म्या आठवड्याभराने कुठल्यातरी बंदरात निवांत रंग लावून घेताना दिसायच्या. बरं, विचारायचं कुणाला? नौदलाचा प्रवक्ता रोज टीव्हीवर यायचा, घसा साफ करायचा आणि ‘परिस्थिती नियंत्रणात आहे’ एवढंच म्हणून जायचा. लोक मात्र हातात फोन घेऊन रडत-हसत बसायचे.

या सगळ्या धुरळ्यात एक खोली अशी होती जिथे कुठलीही बोट उगाच बुडत नसे आणि उगाच वरही येत नसे. एका वृत्तसंस्थेच्या इमारतीत, मागच्या जिन्याने वर गेलं की डाव्या हाताला. खिडकीतून समोरच्या इमारतीचे एसीचे डबे दिसत. आत दोन टेबलं, चहाचे डाग पडलेला एक भलाथोरला नकाशा, आणि मोठ्या स्क्रीनसमोर एक चाकांची खुर्ची. तिचं एक चाक रुसलेलं होतं, त्यामुळे बसणारा कायम उजवीकडे कलायचा. बातमी तपासायची ती त्याच खुर्चीत बसून, अशी त्या खोलीची रीत होती. खोलीचं सरकारी नाव भलतंच लांबलचक होतं. सगळे तिला ‘चाळण’ म्हणत.

चाळणीत तिघं होती. पहिले कप्तान. जन्मभर मालवाहू बोटी चालवून निवृत्त झालेले, ढगांकडे बघून समुद्र सांगणारे, आणि दुपारी जेवणानंतर हमखास पेंगणारे. दुसरा धांदल्या. तो ब्रेकिंगच्या विभागातून इथे आला होता. तिथे आधी बातमी द्यायची आणि मग ती खरी आहे का ते बघायचं, अशी पद्धत. इथे आल्या आल्या पहिल्याच दिवशी त्याने एक बोट बुडवली, ती निघाली कुठल्याशा चित्रपटाच्या चित्रीकरणातली. त्या दिवशी त्याला हे नाव पडलं आणि चिकटलं. नाव ठेवणारी तिसरी. ताई.

ताईला ताई का म्हणत? तर तिच्या धाकट्या बहिणीचा दिवसातून चारदा फोन यायचा आणि तो उचलला की आधी ‘ताईऽऽ’ अशी हाक सगळ्या खोलीत ऐकू जायची. पुढे संपादकही तिला ताईच म्हणायला लागले. बुटकी, केस घट्ट बांधलेले, चष्मा कपाळावर आणि तोच टेबलावर शोधत असलेली अशी बाई. पण फोटो समोर आला की काय तिची नजर! धांदल्या बघतच राहायचा. फोटोतली सावली मोजून ती दिवसाची वेळ सांगायची, लाटेच्या फेसावरून वाऱ्याची दिशा सांगायची, आणि हे सगळं करून शेवटी शांतपणे म्हणायची, “अजून माहीत नाही.” धांदल्याच्या तळपायाची आग मस्तकात जायची. एवढं सगळं कळलं आणि तरी माहीत नाही? मग माहीत होणार तरी कधी?

“दोन पुरावे आले की,” ताई म्हणायची. “आणि तेही एकमेकांना न ओळखणारे.”

तिचा दुसरा नियम त्याहून विचित्र होता. ज्याला एखादी बातमी खरी व्हायला हवी आहे, त्याने ती तपासायची नाही. खुर्चीतून उठायचं आणि दुसऱ्याला बसवायचं. “हवं असलेलं डोळ्यांना लवकर दिसतं,” ती म्हणायची. एकदा कप्तानांची जुनी कंपनी ज्यात गुंतली होती ते एक जहाज तपासायला आलं, तेव्हा कप्तान न सांगता उठले आणि चहा करायला गेले. धांदल्याला हा जरा नाटकीपणा वाटला होता. आणि लढाई सुरू झाली त्याच दिवशी ताईने सांगून टाकलं होतं, “माझा भाचा सत्तेचाळीस नंबरवर आहे. इंजिनखोलीत. ती बोट आली की मी उठणार. आत्ताच सांगून ठेवते.”

आणि ती बोट आलीच.

मंगळवारी समोरच्या बाजूने एक व्हिडिओ सोडला. वरून, आकाशातून घेतलेला. एक युद्धनौका पेटलेली, पुढच्या भागावर धुराचा असा लोट की नंबर दिसू नये. खाली ठसठशीत अक्षरांत दावा: सत्तेचाळीस नंबर बुडवली. ताई दावा वाचताच, व्हिडिओ सुरू व्हायच्या आत खुर्चीतून उठली, खिडकीपाशी जाऊन त्या एसीच्या डब्यांकडे बघत उभी राहिली. कप्तान आणि धांदल्याने तो व्हिडिओ दिवसभर पिंजून काढला. ढग जुळले, समुद्र जुळला, आणि बुधवारी उपग्रहाचा फोटो आला त्यात नेमक्या त्याच जागी पाण्यावर तेलाचा मोठा काळा तवंग होता आणि बोट नव्हती. म्हणजे बुडाली होती, यात वाद नाही. पण कुठली? कारण त्या बांधणीच्या बोटी दोन. एकाच नकाशावरून, एकाच गोदीत बांधलेल्या जुळ्या. सत्तेचाळीस आणि अठ्ठेचाळीस. व्हिडिओतली कुठलीही असू शकत होती. चाळणीने तेवढंच छापलं: दोघींपैकी एक बुडाली, कुठली ते माहीत नाही.

धाकटीचे फोन चारावरून चाळीसवर गेले. धांदल्याला ताईचीच बाजू ऐकू यायची. “नाही गं, माहीत नाही... शत्रू म्हणतो म्हणून मी म्हणू का?... नौदल काही सांगत नाही... जेवलीस का तू?... अगं पण जेवलीस का?”

गुरुवारी दुपारी एकदम लॉटरी लागल्यासारखे सगळे ओरडायला लागले. खालच्या मजल्यावरून टाळ्या ऐकू आल्या. एक फोटो आला होता. कुणीतरी बंदराजवळच्या रस्त्यावरून काढलेला. धक्क्याला लागलेली एक राखाडी युद्धनौका, धडधाकट, ओरखडासुद्धा नाही, आणि नाकाडावर पांढऱ्या रंगात हा भला मोठा आकडा: सत्तेचाळीस. तासाभरात तो फोटो प्रत्येक फोनमध्ये पोचला. रस्त्यावर लोक भोंगे वाजवायला लागले.

धांदल्या खुर्चीत जाऊन आदळला. ताई खिडकीपाशी, पाठ करून. त्याने आयुष्यात एवढं मन लावून काम केलं नसेल. फोटोत काही जोडजाड केलीय का ते बघितलं, नव्हती. धक्क्यावरचे खांब, मागची पाण्याची टाकी, दोन क्रेन जुन्या फोटोंशी ताडून बघितल्या, तंतोतंत. सावलीवरून वेळ काढली, आजची सकाळ. बंदरात सकाळी पडलेल्या पावसाची डबकीसुद्धा फोटोत होती. दोन कशाला, चार पुरावे!

“ताई!” तो एवढ्या जोरात ओरडला की पेंगणारे कप्तान दचकून उभेच राहिले. “खरा आहे. फोटो शंभर टक्के खरा आहे. आजचा आहे. सत्तेचाळीस बंदरात आहे!”

ताई वळली. तिचा चेहरा धांदल्याने पुढे कित्येक वर्षं विसरला नाही. ती कप्तानांच्या टेबलाला टेकली आणि हसली, आणि हसता हसता चष्मा पुसायला लागली. कप्तानांनी स्वतःचे डोळे पुसले. संपादक दारात आलेच होते, दोन्ही हात वर करून म्हणाले, “पाच मिनिटांत सोडतो बातमी. ताई, आधी बहिणीला फोन करा.”

ताईने फोन उचलला. धाकटीचं नाव काढलं. आणि थांबली.

“मग जळली ती अठ्ठेचाळीस,” ती म्हणाली.

“असणारच,” धांदल्या म्हणाला. “दोनच तर आहेत.” आणि मग त्याच्या लक्षात आलं की हे आपण किती खुशीत म्हणालो.

“तिच्या इंजिनखोलीतही कुणाचातरी भाचा असेल,” ताई म्हणाली. तिने फोन खाली ठेवला. “मला एक सांग. तुला हा फोटो खरा व्हायला हवा होता?”

“म्हणजे काय ताई! हा काय प्रश्न झाला?”

“कप्तान, तुम्हाला?”

कप्तान रागावले. “हवा होता तर! मी काय दगड आहे?”

“साहेब, तुम्हाला?”

 संपादकांचे दोन्ही हात अजून अर्धवट वरच होते, ते त्यांनी खाली घेतले.

“मग तपासलं कुणी?” ताई म्हणाली.

 धांदल्याला आधी रागच आला. अरे, इथे माणूस जिवाचं रान करून तिला चांगली बातमी देतोय आणि ही बाई! पण मग तो राग कुठे ठेवावा ते कळेना. कारण तिचं बरोबर होतं. या इमारतीत असं एक माणूस नव्हतं ज्याला ताईचा भाचा जिवंत नको होता. नियमाप्रमाणे सगळेच्या सगळे बाद. खाली गेटवरचा पहारेकरीसुद्धा बाद. तो तर रोज विचारायचा.

“उठ,” ताई म्हणाली.

“पण ताई, तुम्ही तर सगळ्यांत आधी—”

“माहीत आहे. म्हणूनच मी तो खोटा आहे असं धरून बसणार. खरा ठरवायला नाही, पाडायला बसणार. कप्तान, तुम्ही माझ्या मागे उभे राहा. मी कुठे कानाडोळा करते असं वाटलं तर बोला. भीड धरू नका.”

आणि ती त्या कलणाऱ्या खुर्चीत बसली. आता सांगा, कुणाची छाती आहे ही? देवाने दिलेलं दान हातात आलंय, सगळं जग म्हणतंय घे, आणि ही बाई ते उलटंपालटं करून बघतेय, कुठे तडा आहे का म्हणून. ते पण स्वतःच्या हाताने, स्वतःच्या बहिणीच्या पोराच्या बाबतीत. धांदल्या तिच्या बाजूला उभा राहिला आणि मनात घोकत राहिला, सापडू नये, काही सापडू नये.

“तू जागा तपासलीस,” ती स्क्रीनकडे बघत म्हणाली, “वेळ तपासलीस. दोन्ही चोख. कोण ते तपासलंस का?”

“नंबर लिहिलाय की ताई. एवढा मोठा.”

“नंबर रंगाचा असतो.”

तिने दोन्ही जुळ्या बोटींचे लढाईच्या आधीचे फोटो काढले. स्क्रीनवर डावीकडे सत्तेचाळीस, उजवीकडे अठ्ठेचाळीस, मधे नवा फोटो. डोलकाठीपासून सुरुवात केली. डोलकाठी सारखी. रडार सारखं. जिने, कठडे, होड्या लटकवायचे हुक, सगळं सारखं, जुळ्याच त्या. प्रत्येक गोष्ट सारखी निघाली की धांदल्या सुटकेचा श्वास सोडायचा आणि ताई नुसतं ‘पुढे’ म्हणायची. मग ती बोटीच्या कुशीवरच्या गोल खिडक्यांच्या रांगेवर आली. थांबली. डावा फोटो मोठा केला. सत्तेचाळीसची तिसरी खिडकी बुजवलेली होती. काच काढून वर लोखंडाची तबकडी डकवलेली.

“धक्क्याला घासली असणार कधीतरी,” कप्तान हळूच म्हणाले. “दुरुस्तीत अशी बुजवतात.”

ताईने सत्तेचाळीसचे आणखी जुने फोटो काढले. सगळ्यांत बुजवलेली. अठ्ठेचाळीसचे काढले. सगळ्यांत उघडी. मग तिने नवा फोटो मोठा केला.

तिसऱ्या खिडकीच्या काचेत ऊन चमकत होतं.

“परत काच बसवली असेल,” धांदल्या म्हणाला.  “बसवू शकतात ना, कप्तान?”

 ताईने नाकाडावरचा आकडा मोठा केला. चारच्या रंगावर मीठ बसलं होतं, ओघळ उतरले होते. त्याच्या शेजारचा सात कोरा करकरीत होता, आणि त्याच्याभोवती राखाडी रंगाचा ताजा हात मारलेला स्पष्ट दिसत होता.

लढाईत हे चालतंच म्हणा. शत्रू छाती फुगवून सांगतो सत्तेचाळीस बुडवली. मग जुळी बोट आणायची, एक आकडा बदलायचा आणि रस्त्यावरून दिसेल अशी उभी करायची. शत्रूचं तोंड बंद. त्यात आपल्याच घराघरांत काय होईल याचा विचार करायला नौदलाला फुरसत नसते. धांदल्याने सगळं तपासलं होतं आणि सगळं बरोबर तपासलं होतं. फक्त बोट दुसरी होती.

“ही अठ्ठेचाळीस,” ताई म्हणाली. मग तिने मंगळवारचा व्हिडिओ लावला, जो तिने आजवर बघितलाच नव्हता. पाठ करून उभी होती ना ती. धुरातून बोटीची कूस क्षणभर दिसते तिथे तिने तो थांबवला. खिडक्यांची रांग. आगीच्या उजेडात बाकीच्या लखलखत होत्या आणि तिसरी काळी ठिक्कर.

“दोन पुरावे,” ताई म्हणाली. “एकमेकांना न ओळखणारे. कप्तान, मी कुठे कानाडोळा केला?”

“नाही, ताई,” कप्तान म्हणाले आणि त्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. “कुठेच नाही.”

धांदल्या रडला. लपवायचं कशाला? चांगला तिशी उलटलेला बाप्या, भिंतीकडे तोंड करून लहान पोरासारखा रडला. ताई रडली नाही. तिने बातमी स्वतः लिहिली: धक्क्यावरची बोट अठ्ठेचाळीस आहे, बुडालेली सत्तेचाळीस आहे, तिच्यावरच्या माणसांचं काय झालं ते माहीत नाही. एवढंच. संपादकांनी ते वाचलं आणि म्हणाले, “लोक दगड मारतील.”

“मग खालच्या खिडक्या लावून घ्या,” ताई म्हणाली. “पण आधी मला एक फोन करू द्या.”

तिने बाहेर जाऊन केला नाही. तिथेच केला, सगळ्यांसमोर, मोठ्याने ऐकू येईल असा. धाकटीचा आवाज नेहमीसारखा खोलीभर ऐकू आला.

“ताईऽऽ! अगं कुठे होतीस तू? मघापासून लावतेय! बघितलास ना फोटो? सगळी आळी येऊन गेली गं!”

“बघितला. ऐक. बसलीयस का?”

“का गं?”

“ती त्याची बोट नाही. दुसरी आहे, आकडा बदललेली. त्याची बोट बुडाली.”

 मग धाकटी जी सुटली! “तू बहीण आहेस का कोण आहेस माझी? सगळं जग म्हणतंय आहे, आणि तूच एकटी म्हणतेस नाही! काय मिळतं गं तुला? एक दिवस, एक दिवस मला सुखाने राहू दिलं असतंस तर काय बिघडलं असतं?”

ताई ऐकून घेत राहिली. धांदल्याला वाटलं, आता तरी काही गोड बोलेल. काहीही. सुटला असेल, पोहता येतं त्याला, असं काहीतरी. कुणीही बोललं असतं.

“तो गेला का?” धाकटीने विचारलं. आवाज एकदम लहान झाला होता.

“माहीत नाही.”

“म्हणजे?”

“म्हणजे माहीत नाही. बोट बुडाली ते माहीत आहे. तो कुठे आहे ते माहीत नाही.”

“मला बरं वाटावं म्हणून म्हणतेस?”

“मी तुला बरं वाटावं म्हणून कधी काही बोललेय?”

 मग धाकटी नाक ओढत म्हणाली, “नाही. माझं मांजर मेलं तेव्हा सगळे म्हणाले रानात गेलं. तूच मेलं म्हणालीस. मी महिनाभर बोलले नव्हते तुझ्याशी.”

“आठवतंय.”

“म्हणजे खरंच माहीत नाही.”

“खरंच माहीत नाही.”

“मग असू शकेल,” धाकटी म्हणाली. आणि थोड्या वेळाने, “जेवते मी काहीतरी. सकाळपासून पोटात काही नाही.”

फोन बंद झाला.  अख्खं गाव जे ‘आहे, आहे’ म्हणत होतं त्याने त्या माउलीच्या घशाखाली घास उतरला नव्हता, आणि हिच्या एका ‘माहीत नाही’ने उतरला. इतके दिवस ज्या दोन शब्दांवर तो वैतागत होता त्यांचं वजन त्याला त्या दिवशी कळलं. मनातल्या मनात त्याने तिला हात जोडले.

बातमी गेली. दगड आले, शिव्या आल्या, प्रवक्त्याने घसा साफ करून ‘बेजबाबदार’ असा नवा शब्द वापरला. आणि संध्याकाळी एक फोन आला; अठ्ठेचाळीसवरच्या एका खलाशाची बायको. सत्तेचाळीस बंदरात दिसल्यापासून तिच्या घरी लोक सांत्वनाला बसले होते. एवढं सांगून ती नुसती रडत राहिली. ताईने तो फोन शेवटपर्यंत कानाला लावून ठेवला.

पुढचा आठवडा कसा गेला ते विचारू नका. नौदल मूग गिळून बसलेलं. ताई रोज वेळेवर यायची, रोज दुसऱ्यांच्या बोटी तपासायची.

मग एका सकाळी एक फोटो आला. दूरच्या कुठल्याशा तटस्थ देशाच्या मालवाहू जहाजाच्या डेकवर काढलेला. जहाजावरच्याच कुणीतरी घरच्यांना पाठवलेला आणि तिथून फुटलेला. घोंगड्या पांघरून बसलेली पाच-सहा माणसं. ओठ फुटलेले, दाढ्या वाढलेल्या. कोपऱ्यातल्या एकाने तोंड अर्धं वळवलं होतं. कान, भुवई आणि हनुवटीचा तुकडा, एवढंच दिसत होतं.

ताई ताडकन खुर्चीतून उठली. खुर्ची उजवीकडे कलून भिंतीवर आदळली.

“मी नाही बघणार,” ती म्हणाली. “मला हवं आहे.”

धांदल्याने कप्तानांकडे बघितलं, कप्तानांनी धांदल्याकडे. कुणीच पुढे झालं नाही. शेवटी धांदल्या म्हणाला, “ताई, आपण सगळेच बाद. पण एक माणूस आहे ज्याला आपलं काहीही खरं झालेलं नको असतं.”

कप्तानांना हसू फुटलं. “खवचट!”

खवचट म्हणजे रस्त्यापलीकडच्या दुसऱ्या वृत्तसंस्थेचा तपासनीस. चाळणीची एक चूक त्याने पूर्वी पकडली होती आणि महिनाभर चारचौघांत चघळली होती. ताईचा फोटो दिसला तरी त्याचं नाक आपोआप मुरडायचं. धांदल्याने त्याला फोन लावला. भाच्याबद्दल अवाक्षर काढलं नाही. ताईचा भाचा सत्तेचाळीसवर आहे हे या इमारतीबाहेरच्या कुठल्याच पत्रकाराला ठाऊक नव्हतं. फक्त म्हणाला, “हा फोटो आणि हे सत्तेचाळीसवरच्या एका खलाशाचे जुने फोटो, नाव आणि हुद्दा. कोपऱ्यातला माणूस तोच आहे असा आमचा दावा आहे. खोडून दाखवा.”

“आनंदाने,” खवचट म्हणाला.

दुपारी त्याचा फोन आला. धांदल्याने तो मोठ्याने ऐकू येईल असा लावला. ताई खिडकीपाशी, पाठ करून.

“तुमचा हा दावा पाडायला मी सकाळपासून राबतोय,” खवचट वैतागून म्हणाला. “जेवलोसुद्धा नाही. कान जुळतो. वेडावाकडा कान आहे, नेमका तसाच. भुवईवरची खोक जुळते. म्हटलं असेल योगायोग. मग ते जहाज शोधलं, त्याच्या कप्तानाला रेडिओफोनवर गाठलं, म्हटलं त्या माणसाला बोलवा. आला. नाव विचारलं. बोट विचारली. इंजिनखोलीत डाव्या हाताला काय, उजव्या हाताला काय, वरिष्ठ कोण, बुजवलेली खिडकी कितवी. सगळं बरोबर. तरी मी सोडलं नाही. उलटसुलट विचारत राहिलो.”

“मग?” धांदल्याने विचारलं.

“मग तो माणूस चिडला. म्हणाला, पाण्यात दोन दिवस काढले तेव्हा एवढा छळ झाला नाही. आणि म्हणाला, ‘एवढ्या चौकशा या जगात एकच बाई करते. माझी मावशी. ती बाजूला उभी आहे का?’”  खवचटाचा आवाज पहिल्यांदाच जरा मऊ झाला. “बाई... तिथे आहात का? मावशी म्हणजे तुम्हीच का?”

ताई वळली. धांदल्याच्या टेबलाशी आली. 

“चूक?” ती म्हणाली. “कुठे काही चूक सापडली?”

“नाही हो, बाई,” खवचट म्हणाला. “आणि मी फार शोधली.”

ताईने फोन उचलला. चष्मा सापडेना, म्हणून धाकटीचं नाव धांदल्यानेच लावून दिलं. एरवी खोलीभर घुमणारी ती हाक त्या दिवशी आलीच नाही.  धाकटीने अगदी हळू काहीतरी विचारलं, धांदल्याला ते ऐकू आलं नाही.

“हो गं,” ताई म्हणाली, आणि आता मात्र ती ढसाढसा रडायला लागली. “आता माहीत आहे.”